दिवस मावळण्यापूर्वीची मात्रा

सैन्यात बावीस वर्षे परिचारकाचे काम केलेल्या लालासाहेब घोरपड्यांचा माणसांपेक्षा नोंदींवर अधिक विश्वास होता, आणि त्याला कारणही होते. माणूस वेदनेत खोटे बोलतो, लाजेपोटी खोटे बोलतो, समोरच्याला बरे वाटावे म्हणूनही खोटे बोलतो. परंतु जे घडले ते घडल्या वेळीच कागदावर उतरवले, की तो कागद कुणाची भीड धरत नाही, असे त्यांचे मत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यात, कोरेगावजवळच्या आपल्या गावी ऊस लावून ते स्वस्थ बसू शकले असते. वर्षभर त्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला. नंतर मात्र ते सांगलीतल्या एका संस्थेच्या फिरत्या पथकात दाखल झाले. ज्यांचा आजार आता हटणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, अशा रुग्णांच्या घरी जायचे, त्यांचे दुखणे, धाप आणि झोप सांभाळायची आणि त्यांच्याबरोबर घरच्यांनाही सांभाळायचे, हे त्या पथकाचे काम होते.

तासगावच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यात राहणारे बाळगोंडा पाटील हे त्यांचे असेच एक रुग्ण. वय चौऱ्याहत्तर. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पाठीच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरलेला. लालासाहेब पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा बाळगोंडांचा मुलगा गोमटेश, जो तासगावात बेदाण्याचा व्यापार करी, दारातच आडवा उभा राहिला होता.

"म्हणजे तुम्ही बरं करत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग येता कशाला?"

"दुखतंय म्हणून," लालासाहेब म्हणाले.

आतून खोकल्यासारखे हसू ऐकू आले होते. "येऊ दे रं त्याला. खरं बोलणारा पयलाच डॉक्टर दिसतोय."

"डॉक्टर नाही, आप्पा. फौजेतला परिचारक."

"मग तर लयच झ्याक. फौजी म्हनीन तुला."

त्या दिवशी खाटेशेजारी बसून लालासाहेबांनी शब्द दिला होता. आजार माझ्या हातात नाही. दुखणे मात्र आहे. ते मी आटोक्यात ठेवीन आणि तुम्ही याच घरात राहाल. बाळगोंडांनी दुसरे काही मागितलेच नव्हते. दवाखान्यात त्यांनी तीन महिने काढले होते. आता त्यांना खिडकीतून बेदाण्याची शेड दिसायला हवी होती आणि तिथे काम करणाऱ्या बायकांवर ओरडता यायला हवे होते.

मग लालासाहेबांनी मॉर्फिनच्या गोळ्या घड्याळ पाहून देण्याची रीत बाळगोंडांच्या पत्नीला, पद्मावतींना, समजावून दिली. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखू लागल्यावर गोळी द्यायची नाही, दुखू लागण्यापूर्वी द्यायची. प्रत्येक वेळेसाठी तक्त्यात एक रकाना. गोळी दिली की त्यात खूण. जाताना त्यांनी बजावले होते, "काकू, काही झालं तरी एकही रकाना मोकळा दिसता कामा नये." पद्मावतींनी मान हलवली होती.

तीन आठवडे तक्ता निर्दोष होता. दर भेटीत लालासाहेब रिकाम्या पाकिटांची मोजदाद करीत. या औषधाचा हिशेब चोख ठेवावा लागतो. पाकिटे तक्त्याशी तंतोतंत जुळत. तरीही बाळगोंडांच्या रात्री वाईट जात होत्या. पहाटे त्यांचे कण्हणे शेडपर्यंत ऐकू येते, असे गोमटेश सांगे. तक्ता पाहून पथकाच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी मात्रा वाढवली. रात्री तशाच राहिल्या. त्यांनी पुन्हा वाढवली. आता बाळगोंडा दुपारभर ग्लानीत पडून राहू लागले. नातवाला त्यांनी चुलतभावाच्या नावाने हाक मारली. आणि रात्री मात्र पूर्ववत जागे, दात आवळून. असे का व्हावे, हे लालासाहेबांना उमजेना. एवढ्या औषधावर एवढे दुखणे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते.

फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी ते कराडला एका रुग्णाकडे असताना गोमटेशचा फोन आला.

"उद्या सकाळी नऊला अँब्युलन्स येतीये. आप्पांना पुण्याला नेतोय, आयसीयूत. तुमच्या गोळ्यांनी दुखणं थांबत नाही आणि माणूस मात्र थांबत चाललाय."

"मी येतो. आजच."

"या. पण माझं ठरलंय."

पथकाची गाडी घेऊन लालासाहेब निघाले. वाटेत कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामागे अडकून पडताना त्यांना एकच विचार छळत होता: आपण दिलेला शब्द उद्या सकाळी नऊ वाजता मोडणार आहे आणि तो का मोडतो आहे, हेदेखील आपल्याला ठाऊक नाही.

ते मळ्यात पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते. एरवी ते नेहमी सकाळी येत. या घराची संध्याकाळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, आणि दारातच ते थबकले, कारण घरात एक निराळीच लगबग चालली होती. नातवंडे हात पुसत पाटावरून उठत होती. सून भांडी उचलत होती. बाळगोंडांची भाकरी दुधात कुस्करून भरवून झाली होती. पद्मावती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात गोळी घेऊन घाईघाईने खाटेकडे निघाल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एकदा आणि घड्याळाकडे एकदा पाहिले.

"भाऊ, आलासा? बसा. आदी च्या घेता का? आत्ताच घ्या, मग चूल बंद हुती."

"चूल एवढ्यात बंद?"

"सहा एकेचाळीसला मावळतो आज."

लालासाहेबांनी हे सारे ऐकलेले नव्हते असे नाही. सांगलीकडच्या जैन घरांतून त्यांचे जाणे-येणे होते. सूर्यास्तानंतर पुष्कळ जण जेवत नाहीत, हे त्यांना माहीत होते. परंतु माहीत असणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते. ते अंतर त्या क्षणी, पद्मावतींच्या हातातल्या तांब्याकडे पाहता पाहता, एकदम मिटले.

"काकू," ते सावकाश म्हणाले, "ती गोळी जरा थांबवा. आप्पा मावळल्यावर पाणी पितात का?"

पद्मावतींनी खाटेकडे पाहिले. उत्तर खाटेवरून आले. दुपारची मात्रा उतरत आली होती. दिवसातली हीच काय ती घटका बाळगोंडा शुद्धीत असत.

"चाळीस वर्सं झाली, फौजी. पाण्याचा थेंब न्हाई. बेदाण्याचा सौदा रंगात आला तरी मी उठून घरी येत हुतो. येपारी हसायचे. म्हणायचे, बाळगोंडा पाटलाचा भाव सूर्य ठरवतो."

"मग रात्री दहाची गोळी?"

गोमटेश दारातून आत आला होता. तो बापाकडे पाहत राहिला, मग आईकडे. पद्मावती आत गेल्या आणि मसाल्याच्या डब्याशेजारून एक झाकणाचा लहान डबा घेऊन आल्या. त्यात गोळ्या होत्या. पाकिटातून काढलेल्या, स्वच्छ, तीन आठवड्यांच्या रात्रींच्या साऱ्या गोळ्या.

"आई!" गोमटेश ओरडला. "तक्त्यात तर खुणा आहेत!"

"भाऊच म्हणाले हुते," पद्मावती म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "रकाना मोकळा दिसता कामा न्हाई म्हणून. मी खूण करत हुते. आन रिकामी पाकिटं मोजून नेतात, म्हणून गोळ्या काढून ठेवत हुते. सकाळची बी सातच्या म्होरं द्यायची, दिवस उगवल्यावर. रकान्यात सहाच लिवलेलं हुतं."

"मला सांगायचं नाही का, काकू?"

"ह्यांनी सांगू दिलं न्हाई."

"मीच न्हाई म्हणालो," बाळगोंडा म्हणाले. "तू भला मानूस हायेस. तू म्हणाला असतास, आप्पा, घ्या, आन तुला न्हाई म्हणताना मला जड गेलं असतं. त्यापरीस दुखनं बरं."

गोमटेश खाटेच्या पायथ्याशी बसला. "आजाऱ्याला नियम माफ असतो, आप्पा. गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच मी जाणत्यांना विचारलं होतं. कुणीही बोल लावणार नाही."

"माफी मागितली कुनी?" बाळगोंडांनी विचारले. "आन तू काय समजलास, मी सल्लेखना घेतलीय? आरं, दिवसा भाकरी खातोय, दूध पितोय, तुला शिव्या देतोय. मला मरायची घाई न्हाई. नियम पाळायचा हाय, येवढंच."

लालासाहेब तक्ता हातात घेऊन उभे होते. एकशे पाच रकाने, एकशे पाच खुणा. त्यांनी उभ्या आयुष्यात इतका नेटका तक्ता पाहिला नव्हता आणि इतका खोटाही. खोटेपणा पद्मावतींचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या एका हुकमातून जन्मला होता. तेरा-तेरा तास औषधावाचून काढणाऱ्या माणसाची रात्र दुखणारच. आणि ती दुखते म्हणून दिवसाची मात्रा वाढवत नेली, तर तो दिवसा गुंगणारच. हे इतके सरळ होते, की लहान मुलालाही सांगता आले असते. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. उद्या पुण्यात हा तक्ता कुणी प्रमाण मानला असता आणि रात्रीची दुप्पट मात्रा खरोखरच दिली असती, तर इतक्या औषधाची सवय नसलेल्या शरीराचा श्वास कदाचित मंदावत मंदावत थांबला असता.

अंगणात जाऊन त्यांनी डॉक्टर प्रियदर्शनींना फोन लावला. सगळे सांगितले, काही न लपवता.

"मी तक्ता बघून डोस वाढवत गेले, लालासाहेब."

"तक्ता माझा होता, मॅडम."

"ते नंतर बघू. आता श्वास कसा आहे? बोलताहेत नीट? सहाची दिली?" उत्तरे ऐकून त्या थोडा वेळ हिशेब करीत राहिल्या. "बरं. पेटीत बारा तासांच्या गोळ्या आहेत ना? हळूहळू विरघळणाऱ्या? सहाच्या साध्या गोळीऐवजी त्यातली एक द्या, लहान ताकदीची. रात्रीचं काही नको. उद्यापासून दिवसाच्या मात्रा निम्म्यावर आणायच्या. आज रात्री तिथेच थांबा, श्वास मोजत राहा. आणि लालासाहेब, ही गोळी फोडायची किंवा चावायची नाही, हे त्यांना सांगा."

गाडीतल्या कुलूपबंद पेटीतून त्यांनी गोळी काढली, नोंद केली आणि ते वळले, तोच फोनवरचे बोलणे ऐकून आलेल्या गोमटेशने त्यांना दाराबाहेर गाठले.

"त्यांना यातलं काही सांगू नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "रोजची सहाची गोळी आहे म्हणा आणि द्या. रात्रभर काम करते म्हणालात, तर नको म्हणतील. मी ओळखतो ना त्यांना."

सूचना व्यवहारी होती. एक तासापूर्वी लालासाहेबांनी ती कदाचित मानलीही असती. सैन्यात त्यांनी चांगल्या हेतूने याहून मोठी असत्ये पचवली होती. परंतु या घरात तीन आठवडे जे काही बिघडले, ते चांगल्या हेतूने सांगितलेल्या असत्यानेच बिघडले होते. त्यात आपली आणखी एक भर घालायची आणि तीही ज्याच्या शरीरात ती गोळी जायची त्याला अंधारात ठेवून, हे त्यांना जमण्याजोगे नव्हते. त्यांनी तसे गोमटेशला सांगितले.

"नको म्हणाले तर?" गोमटेशने विचारले.

"तर नको म्हणाले."

"आणि मग रात्रभर ओरडतील! तुम्ही काय, उद्या निघून जाल."

"ओरडले तर मी इथं बसलेला असेन. पण शरीर त्यांचं आहे, गोमटेश. नियमही त्यांचा."

घड्याळात सहा वाजून अठरा मिनिटे झाली होती. लालासाहेब खाटेशेजारी खाली बसले, म्हणजे बाळगोंडांना मान वर करावी लागू नये. त्यांनी गोळी तळहातावर धरली.

"आप्पा, ही निराळी गोळी आहे. आत्ता अख्खी गिळायची, चावायची नाही. पण ती लगेच विरघळत नाही. रात्रभर पोटात थोडी थोडी सुटत राहते. म्हणजे दुखणं रात्री राहील बेताचं. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही."

"रातभर सुटती?"

"रातभर."

गोमटेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाळगोंडांनी डोळे मिटून घेतले. ते पुन्हा ग्लानीत गेले, असे लालासाहेबांना वाटले. बाहेर शेडमधल्या बायका दिवसाचे काम उरकून एकमेकींची थट्टा करीत निघाल्या होत्या. पद्मावती घड्याळाकडे पाहत नव्हत्या. पण त्या मुद्दाम पाहत नाहीत, हे कळत होते.

"काय गं," बाळगोंडा डोळे न उघडता म्हणाले, "मगाशी तू घातलेली भाकरी आता कुठं हाय?"

"आवं, पोटात. आनी कुठं असणार?"

"आन मावळल्यावर?"

"पोटातच की."

"रातभर जिरत बसती न्हवं?"

"व्हय."

"मग चाळीस वर्सं मी रोज रातचं जेवत आलोय म्हणायचं का?" त्यांनी डोळे उघडले. त्यांत कित्येक दिवसांत न दिसलेली एक चमक होती. सौद्यात समोरच्याला पेचात धरताना ती येत असावी. "नियम घेण्याचा हाय. घ्यायचं ते दिवसा घ्यायचं. आत गेल्यावर ती काय करती, कवा करती, ते तिचं तिला. आन पाणी."

पद्मावतींनी तांब्या पुढे केला. गोळी जाताना बाळगोंडांच्या गळ्याची घाटी दोनदा हलली. मग त्यांनी दोन घोट जादा प्यायले, चूळ भरली आणि हात जोडले. अजून एकोणीस मिनिटे उरली होती.

"येक सांग, फौजी," ते म्हणाले. "ही गोळी आज निघाली व्हय कारखान्यातनं?"

"नाही, आप्पा. पेटीत पहिल्यापासून होती."

"मग आदी का दिली न्हाईस?"

"तुम्ही पाणी पीत नाही, हे मला माहीत नव्हतं."

"तू इचारलं न्हाईस," बाळगोंडा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक खोल गेले. "तीन हप्ते येतोयस. दर बारीला तक्ता इचारलास. माज्या रातीला काय हुतं, ते येकदा बी मला इचारलं न्हाईस."

लालासाहेबांनी मान डोलावली आणि रात्रीसाठी आपली बैठक खाटेशेजारीच मांडली.

रात्री जे घडले त्याला मोठी गोष्ट म्हणता येणार नाही. बाळगोंडा तीनपर्यंत झोपले. तीनला जागे झाले, कण्हले. पण मणक्यात सुरी फिरल्यासारखे नव्हे, जड ओझे वाहणाऱ्यासारखे. लालासाहेबांनी पाठीला उशी दिली, पाय किंचित दुमडून ठेवले. दुखणे उरले होते. ते औषधाने पुसून टाकता आले असते, फक्त सूर्य उगवेपर्यंत नाही; आणि जेवढे उरले तेवढे या माणसाने जाणूनबुजून आपल्या पदरात घेतले होते. ते त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, त्याच्यासोबत बसण्याचा मात्र आहे, इतके लालासाहेबांना त्या रात्री कळले. पहाटे बाळगोंडांना पुन्हा डोळा लागला.

नऊला पाच मिनिटे असताना अँब्युलन्स मळ्याच्या रस्त्यावरून धूळ उडवीत आली. बिराप्पा नावाचा चालक उतरला, त्याने स्ट्रेचर अर्धे बाहेर काढले, मग कुणी घाई करीत नाही असे पाहून शेडच्या सावलीत बसून तो सुनेने दिलेली द्राक्षे खाऊ लागला.

बाळगोंडा जागे होते. त्यांनी नातवाला त्याच्याच नावाने हाक मारून जवळ बोलावले होते आणि शेडमधल्या जाळ्यांवर माल नीट पसरला आहे की ढिगानेच टाकला आहे, याची ते चौकशी करीत होते.

गोमटेश ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. लालासाहेब बाहेर आले तसा तो थांबला.

"आज बरे दिसताहेत. पण बरे होणार नाहीत."

"नाही."

"किती?"

"आठवडे असतील. महिने मला वाटत नाहीत."

"पुण्याला नेलं तर वाढतील?"

"थोडे दिवस, कदाचित. नळ्यांमध्ये. मी तुम्हाला नेऊ नका म्हणत नाही. फक्त रात्रीसाठी न्यायचं असेल, तर रात्रीचं आता थोडं जमेल."

गोमटेशने अँब्युलन्सकडे पाहिले. मग जे बोलला ते पुण्याबद्दल नव्हते. "तुम्हाला खरं सांगू? मी व्यापारी माणूस. माझ्याकडे माल येतो, मी काहीतरी करतो, माल जातो. इथं मला काहीच करता येत नाही. आई भरवते, तुम्ही औषध देता. मी दारात उभा असतो. गावातले विचारतात, काय केलं बापासाठी? पुण्याला नेलं तर निदान नेलं तरी म्हणता येईल."

"त्यांना कूस बदलायचीये," लालासाहेब म्हणाले. "दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलते. काकूंना एकटीला झेपत नाही. या."

"मला येत नाही."

"म्हणून तर या म्हणतोय."

आत गेल्यावर लालासाहेबांनी त्याला खाटेच्या उजव्या अंगाला उभे केले. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली. ओढायचे नाही, आपल्याकडे झुकवायचे. त्यांचे वजन तुमच्या छातीवर येऊ द्या, हातांवर नव्हे. गोमटेशने बापाच्या पाठीखाली हात घातला आणि तो दचकला. ती पाठ त्याच्या आठवणीतल्या पाठीच्या निम्मीही राहिली नव्हती.

"सावकाश रं," बाळगोंडा म्हणाले. "बेदाण्याची पेटी न्हवं मी, फेकायला."

"दुखलं, आप्पा?"

"दुखतं की. म्हणून काय सोडतोस? धर."

गोमटेशने धरले. बाप त्याच्या छातीशी झुकला आणि कुशीवर वळला. पद्मावतींनी पाठीशी उशी सारली. काम झाले होते, तरी गोमटेशने हात लगेच काढून घेतले नाहीत.

दारात बिराप्पा येऊन उभा राहिला होता. "साहेब, निघायचं न्हवं? पुन्यात दुपारची गर्दी लागती."

गोमटेशने मान वर केली नाही. "तुम्ही जा, गड्या," तो म्हणाला. "आम्ही घरीच आहोत." मग लालासाहेबांकडे वळून त्याने विचारले, "पुढची कूस किती वाजता?"